सांगितलं की बाद

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात दत्ताचं लहानसं देऊळ आहे आणि देवळापुढे पत्र्याचा मंडप. शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षापासून मी तिथे रोज संध्याकाळी पाच ते सहा या वेळात मुलांचा वर्ग घेतो. फी नाही, परीक्षा नाही. थोडे पाढे, थोडं वाचन, एखादं स्तोत्र आणि शेवटी गोष्ट. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण शिकवण्याचा खरा आनंद मला या मंडपात मिळाला. इथे घंटा नव्हती. एखाद्या मुलाला एखादी गोष्ट समजायला चार दिवस लागले तर मी चार दिवस थांबू शकत होतो. मला थांबता येतं, असं सगळे म्हणत. मलाही त्याचा अभिमान होता.

वर्गाचा शेवट ठरलेला असे. मुलं डोळे मिटून हात जोडत आणि ज्याला जे हवं असेल ते तो मनातल्या मनात देवाला सांगे. याला आम्ही 'मागणं' म्हणत असू. मागण्याला मी एक नियम घालून दिला होता. देवाला सांगितलेलं माणसाला सांगायचं नाही. आईला नाही, मित्राला नाही, मलासुद्धा नाही. सांगितलं की ते मागणं बाद.

हा नियम मी माझ्या वडिलांवरून घेतला होता. वडील गावातल्या एका देवळाचे पुजारी. त्यांनी ऐन तिशीत अयाचित व्रत घेतलं. अयाचित म्हणजे कोणाकडे काही मागायचं नाही. न मागता जे येईल त्यावर राहायचं. वडील ते इतकं कडक पाळत की पानात मीठ वाढायचं राहिलं तरी आईला 'मीठ वाढ' म्हणत नसत. तिच्या लक्षात आलं तर मीठ, नाहीतर अळणी भाजी गुमान खाऊन उठत. आणि तरी आमचं घर कधी उपाशी झोपलं नाही. एकदा घरात ज्वारीचा दाणा उरला नव्हता. वडील नेहमीसारखे पूजेला बसले. आरती संपते न संपते तोच एक माणूस अर्धं पोतं ज्वारी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. वडील माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सांगावं लागत नाही, बाळ. त्याला कळतं."

ही गोष्ट मी मंडपात किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. पोतं दारात येण्याच्या जागी मुलं दर वेळी श्वास रोखून बसत.

सोनाली वर्गात आली तेव्हा सात वर्षांची होती. आमच्या इमारतीचे वॉचमन ज्ञानबा यांची ती मुलगी. हे कुटुंब सांगोल्याकडचं. पार्किंगच्या कोपऱ्यातली एक खोली त्यांना राहायला दिलेली. पाणी पाच-सहा दिवसांनी येतं, तेव्हा टाक्या भरून घ्यायचं काम ज्ञानबांकडे. त्यांची बायको मायाक्का चार घरची धुणीभांडी करायची. पोरगी पहिल्या दिवशी आईच्या पदराला धरून आली आणि आठवडाभरात वर्गातली सगळ्यात हुशार ठरली. ती एकपाठी होती. एखादं स्तोत्र मी एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा ती म्हणे, तेही माझ्या हेलात. एकोणीसचा पाढा तिनं दोन दिवसांत उलटा म्हणून दाखवला. मी तो दिवस विसरणार नाही, कारण त्या दिवशी मी एक निर्णय घेतला. पुढच्या ओळीत मी नेहमी कच्च्या मुलांना बसवतो. सोनालीला पुढे बसण्याची गरजच नाही, म्हणून मी तिला सगळ्यात मागे, खांबाजवळची जागा दिली. "तुला फळा लागतच नाही," असं मी सगळ्यांदेखत म्हणालो. ती हसली. मला ते कौतुक वाटलं होतं.

तिचं लिहिणं मात्र वाईट होतं. अक्षरं ओळीवरून खाली उतरत. फळ्यावरचं उतरवून घेताना ती अर्ध्यात थांबे आणि शेजारच्या अद्वैतला काहीतरी विचारे. पुस्तक वाचायला दिलं की नाकाला लावी. बुद्धी आहे पण लिहायचा कंटाळा आहे, असं मी ठरवलं. रागावलो नाही. मी मुलांवर रागावत नाही. येईल तेव्हा येईल, म्हणून मी तीन वर्षं थांबलो.

मागणं सुरू झालं की ती सर्वांत आधी डोळे मिटे आणि सर्वांत शेवटी उघडे. मी ते बायकोला सांगत असे. शकुंतला म्हणायची, "एवढं काय मागते ती? विचारा तरी एकदा." मी म्हणायचो, विचारायचं नसतं, तोच नियम आहे.

ती दहा वर्षांची झाली त्या वर्षी फेब्रुवारीत एका दुपारी शकुंतला गोधडीचा काठ शिवत बसली होती. सोनाली आईचा निरोप घेऊन वर आली. शकुंतलेला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक काम जमत नाही, म्हणून तिनं सुई आणि दोरा पोरीच्या हातात दिला. सोसायटीतली सहा-सहा वर्षांची मुलं तिला सुई ओवून देतात. सोनालीनं सुई हातात घेतली, डोळे मिटले आणि बोटाच्या टोकानं सुईचं भोक चाचपायला लागली. दोरा थुंकीनं ओला केला. पुन्हा चाचपलं. कपाळावर घाम आला पण डोळे उघडले नाहीत.

शकुंतला शिक्षिका नव्हे. जिल्हा परिषदेत कारकून होती. कागद बघून काय खोटं आहे ते तिला पटकन कळतं. तिनं सुई काढून घेतली, पोरीच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं पुढे धरली. "किती?"

सोनाली म्हणाली, "तुमीच सांगा की, आजी."

हे शकुंतलेनं मला संध्याकाळी सांगितलं. तोवर तिनं रिक्षा ठरवली होती, मायाक्काला कामावरून बोलावून घेतलं होतं आणि पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलंही होतं. मी वर्ग घेत होतो.

डॉक्टर बाईंकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं होतं, तेव्हा मी गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. दोन्ही डोळ्यांना जन्मापासून नंबर आहे. उजव्याला बऱ्यापैकी, तो चष्म्यानं सुधारेल. डाव्याला फार मोठा. डावा डोळा मुळात निरोगी आहे, पण त्यातून कधी नीट चित्रच गेलं नाही, त्यामुळे मेंदूनं त्याच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं आहे. सहाव्या-सातव्या वर्षी आणलं असतं तर चष्मा देऊन, उजव्यावर पट्टी बांधून डाव्याला कामाला लावता आलं असतं. दहाव्या वर्षी फार आशा धरू नका, तरी प्रयत्न करू. रोज तीन तास उजवा झाकायचा आणि डाव्यानं मोठी अक्षरं वाचायची. पोरीनं मात्र जे दिसतं तेच सांगायचं.

"शाळेत तपासणी झाली नव्हती का?" त्यांनी विचारलं.

झाली होती. सोनालीनं मान खाली घालून सांगितलं. तपासणीला रांग होती. पुढची चौदा पोरं भिंतीवरचा तक्ता मोठ्यानं वाचत होती. तिचा नंबर येईपर्यंत तो तिला पाठ झाला होता.

डॉक्टर बाईंना हसावं की काय करावं कळेना. मी विचारलं, "अगं, पण का? दिसत नाही म्हणून सांगायचं तरी."

ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या दिशेनं बघत होती. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मी देवाला सांगितलं व्हतं, सर. माणसाला सांगितलं आसतं तर बाद झालं आसतं की."

त्या खोलीत मायाक्का होती, शकुंतला होती, डॉक्टर होत्या. डॉक्टर बाईंना तर ती काय म्हणते आहे ते कळलंही नसेल. मग पोरीनं विचारलं, "आजीला कळलं म्हणून डावा बाद झाला का?"

मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

रिक्षातून येताना सोनाली झोपली. सात रस्ता चौक मागे पडल्यावर मायाक्का म्हणाली की पोरीनं दुसरीत असताना एकदा सांगितलं होतं, आई, अक्षरं पळत्यात. "मी म्हणलं, सरांना इचार. ती म्हणाली, बरं. मला वाटलं, इचारलं आसंल."

मी म्हणालो, चूक माझी आहे. मी नियम घातला होता.

"आमाला तरी कुटं कळलं," ती म्हणाली. मग पोरीचं डोकं मांडीवर नीट घेत तिनं आणखी सांगितलं. सोनाली लहानपणी फार हट्टी होती. हे पायजे, ते पायजे, दुकानासमोर लोळायची. वर्गात यायला लागल्यापासून तिनं मागणंच सोडलं. चप्पल तुटली तरी सांगायची नाही. "मी समद्यास्नी सांगत हुते, सरांनी पोरीला वळण लावलं म्हणून."

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. घराशी उतरताना ज्ञानबा पुढे आले आणि माझ्या पायाला हात लावायला वाकले. तुमच्या घरानं पोरीकडे बघितलं, देवच धावला, असं काहीसं म्हणू लागले. मी त्यांचे हात धरून त्यांना उभं केलं आणि जिना चढून वर आलो.

शकुंतलेनं चहा ठेवला. मी खुर्चीत बसलो. मी म्हणालो, नियम चुकला असेल, पण त्यामागची गोष्ट तर खोटी नाही. माझ्या वडिलांनी कधी कोणाकडे मागितलं नाही आणि त्यांना कधी कमी पडलं नाही. मी पोरांना तेवढंच द्यायला बघत होतो, तो विश्वास.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. गॅस बंद करून माझ्याकडे वळली.

"ज्वारीचं पोतं तुमच्या आईनं मागून आणलं होतं," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

मग तिनं जे सांगितलं ते सावकाश सांगितलं, जुनी फाईल उघडल्यासारखं. आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती. एका दुपारी तिनं सुनेला जवळ बसवून सगळं सांगितलं आणि मला न सांगण्याची शपथ घातली. आमच्या मागच्या गल्लीत मागवाल्यांची, तेलुगू विणकरांची घरं होती. आई हळदीकुंकवाचं निमित्त करून मागच्या दारानं तिकडे जायची. तांदूळ, तेल, माझी वह्या-पुस्तकं, बहिणीच्या लग्नातलं लुगडं, सगळं तिनं दारोदार तोंड वेंगाडून मागितलं होतं. आणि प्रत्येक घरी ती बजावून यायची: देताना पुढच्या दारानं या, पूजेच्या वेळी या, आणि मी मागितलं म्हणून सांगू नका. ज्या दिवशी ज्वारीचं पोतं आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी ती चार घरं फिरली होती. चौथ्या घरी तिला उंबऱ्याबाहेर अर्धा तास उभं केलं होतं.

"वडिलांना माहीत होतं?" मी विचारलं.

"तेच मी सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, त्यांनी कधी विचारलं नाही. व्रत त्यांचं होतं, मागणं माझ्या वाट्याला आलं."

मला एक जुनी गोष्ट आठवली. पोतं दारात आलं तेव्हा मी वडिलांकडे बघत होतो. सगळं घर त्यांच्याकडेच बघत होतं. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तीही त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होती. ती पोत्याकडे बघत नव्हती.

"आणि तुमच्या वर्गाला दर गुरुवारी खाऊ येतो," शकुंतला म्हणाली, "कधी चिक्की, कधी केळी. 'न मागता आलं बघ' म्हणून तुम्ही मुलांना दाखवता. तिसऱ्या मजल्यावरच्या इंद्रायणीला मी दर बुधवारी फोन करते. ती नसली तर दुसऱ्या कोणाला. बारा वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तुम्ही इतके खूश असायचात." मग ती ताठ झाली. "देव देत नाही असं मी म्हणत नाही हो. पण त्यानं पोरीला तोंड दिलं होतं आणि तुम्हाला कान दिले होते. याउपर त्यानं काय द्यायचं?"

चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गोष्ट सांगितली नाही. मागण्याची वेळ झाली तेव्हा मुलांनी सवयीनं डोळे मिटले. मी त्यांना डोळे उघडायला लावले आणि म्हणालो की मी घातलेला नियम चुकीचा होता. देवाला सांगितलेलं माणसालाही सांगायचं. आधी माणसाला सांगितलं तरी चालेल. आईला, बाबांना, मला, कोणालाही. त्यानं काही बाद होत नाही.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. अद्वैतनं हात वर केला. "सर, मग ते पोतं?"

"ते माझ्या आईनं मागून आणलं होतं."

पोतं गेल्याचं मुलांना वाईट वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मी म्हणालो, आता कोणाला काही हवं असेल, काही दुखत असेल, कशाची भीती वाटत असेल तर बोला. मी ऐकतो आहे.

सतरा मुलं होती. कोणी बोललं नाही. मी थांबलो. थांबायला मला येतं. सहा वाजले, मुलं चपला घालून गेली, तरी कोणी बोललं नव्हतं. बारा वर्षांत मी दुसरं काही इतकं पक्कं शिकवलं नव्हतं.

सोनालीचा चष्मा आला. तो लावून ती पहिल्यांदा मंडपात आली तेव्हा तिनं देवळाच्या कळसाकडे बघितलं, मग लिंबाच्या झाडाकडे, आणि अद्वैतला म्हणाली, पानं सुटी सुटी असत्यात व्हय. मी तिला पहिल्या ओळीत बसवलं. उजव्या डोळ्यानं तिला फळा दिसू लागला. अक्षर महिन्याभरात ओळीवर आलं. त्यानं माझी चूक माफ झाली असं मी समजत नाही.

राहिला डावा. रोज दुपारी एक ते चार ती आमच्या घरी येऊ लागली. शकुंतला तिच्या उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावी, वर चष्मा घाली. मी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदांवर जाड स्केचपेननं वाक्यं लिहून ठेवी. एकेक अक्षर चार बोटं उंच. पहिला आठवडा ती नुसतीच कागदाकडे बघत राहिली. दुसऱ्या आठवड्यात 'क' की 'फ' असं करीत चाचपडली. मी तिला घाई केली नाही. मार्च संपत आला, उन्हाळा चढला, आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिनं एक पूर्ण ओळ वाचली. 'शेळी पाल्याकडे बघते.' अडखळत, थांबत, पण चूक न करता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शकुंतलेला हाक मारली. दुसऱ्या दिवशी सोनालीनं दोन ओळी वाचल्या, तिसऱ्या दिवशी अख्खा कागद. मी त्या संध्याकाळी दत्तापुढे नारळ फोडला. ज्ञानबांना बोलावून सांगितलं. ते मंडपाच्या खांबाला धरून उभे राहिले. डॉक्टर बाईंनी आशा धरू नका म्हटलं होतं, पण त्यांनाही सगळं कुठे माहीत असतं. मी मनात म्हणालो, माझ्या चुकीची शिक्षा त्यानं पोरीला दिली नाही. तो तेवढा न्यायी आहे.

शकुंतला चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी पोरगी गेल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही ते कागद कधी लिहिता?"

सोनाली येते तेव्हाच, मी म्हणालो. ती पट्टी लावून घेते तोवर लिहून होतं.

"आणि लिहिताना बोलता."

मला कळलं नाही. मग कळलं. चाळीस वर्षं फळ्यापुढे काढलेला माणूस मी. लिहिताना शब्द तोंडानं म्हटल्याशिवाय माझा हात चालत नाही. 'शेळी' म्हटलं की हात शेळी लिहितो. मला स्वतःला ते ऐकूही येत नाही. स्वयंपाकघरात शकुंतलेला येतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच कागद लिहून ठेवला होता. दार लावून, ओठ दाबून धरून. दुपारी सोनाली आली, पट्टी लावून घेतली आणि पाटावर बसली. मी कागद तिच्यापुढे धरला.

ती वाट बघत होती. मी काही बोललो नाही. तिनं मान जराशी तिरकी केली, डोळ्यानं नव्हे, कानानं बघितल्यासारखी. मग कालचा कागद म्हणायला सुरुवात केली. "आईनं पीठ मळलं. तवा..."

"ते कालचं आहे," मी म्हणालो.

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज होती. तिला वाचताना बघून मला झालेला आनंद तिला कळला होता. पट्टी काढली की ती रोज आधी माझ्याच चेहऱ्याकडे बघायची.

"मी रागावलेलो नाही," मी म्हणालो. "सोनाली, कागदावर काय आहे?"

"तुमी खूश झाला व्हता की, सर," ती म्हणाली.

"हो. पण कागदावर काय आहे?"

तिनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. खरंच प्रयत्न करीत होती.

"खरं सांगू?"

"खरं सांग."

"दिसत न्हाय. पांढरं हाय. मदी काळं काळं हाय, पर ते काय हाय ते न्हाय कळत."

मी कागद काढून घेतला आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर एकच अक्षर काढलं, कागदभर. ओठ मिटून. ते तिच्यापुढे धरलं. तिनं खूप वेळ बघितलं आणि मान हलवली.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज थांबला होता. शकुंतला दाराशी येऊन उभी होती.

"सर," सोनाली म्हणाली, "पट्टी काढा की. लई घाम येतोय. आत डोळा जळतोय."

तीन वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. घड्याळात दोन वाजायला दहा मिनिटं होती. तीनपैकी दोन तासांहून जास्त बाकी होते, आणि डॉक्टर बाईंनी एकही तास चुकवू नका म्हणून बजावलं होतं.

मी पट्टी काढली. कडेची कातडी लाल झाली होती. शकुंतलेनं ओला पंचा आणून दिला, मी सोनालीचा डोळा पुसला आणि त्या कागदानंच वारा घातला. तिनं उजवा डोळा उघडला, तेव्हा कागदावरचं अक्षर तिला दिसलं. 'म' होता. तिनं तो वाचला.

मग ती म्हणाली, "आता परत लावा."

"अजून थोडा वेळ थांबू."

"न्हाय, लावा. डॉक्टरनी सांगितलंय की." तिनं चष्मा काढून हातात धरला आणि तोंड पुढे केलं.

मी नवी पट्टी उलगडली. रोज शकुंतला लावायची; माझ्या हातून ती पहिल्यांदा वाकडी बसली.